भास्कराचार्य आणि पळीभर तेल



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एकच अट घातली : विषय कोणताही चालेल, पण त्याचे शाळेशी नाते हवे. सहली, स्नेहसंमेलने, मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरे यांवर पुष्कळ जण लिहितील आणि माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी आपल्या गणिताच्या एका शिक्षकाविषयी लिहिणार आहे. त्यांना आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही, कारण त्यांचा जन्म ९०० वर्षांपूर्वीचा. पण दहावीला काटकोन त्रिकोणाची उदाहरणे सोडवताना आपण त्यांच्याच वाटेने चालत होतो. त्यांचे नाव भास्कराचार्य.

आपल्या वेळी गणिताचे दोन पेपर असत, एक बीजगणिताचा आणि एक भूमितीचा. आजही तसेच आहे. वह्या दोन, पुस्तके दोन, त्यामुळे विषयही दोनच असावेत, असा आपला समज होता. शाळा सुटल्यावर मी आयटीआय केले आणि पुढे ३० वर्षे आपल्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनची कामे केली. जिन्याचे माप काढताना, शेडच्या कैच्या बांधताना, पायाच्या कोपऱ्यात गवंड्याबरोबर तीन-चार-पाचचा काटकोन मारताना हे दोन पेपर माझ्या हाताखाली कधी एक झाले ते कळलेही नाही. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा लीलावतीचे मराठी पुस्तक घेऊन बसलो. तेव्हा समजले, की भास्कराचार्यांनी हे दोन्ही विषय मुळातच एकत्र गुंफले होते, आणि कोणासाठी गुंफले तेही स्पष्ट सांगून ठेवले होते.

त्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४. हे वर्ष त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. गाव विज्जडवीड, सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले. हे गाव नेमके कोणते यावर विद्वानांत वाद आहे. कोणी विजापूर म्हणते, कोणी बीड, तर कोणी चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर. गोत्र शांडिल्य. घराणे पिढीजात विद्वानांचे. त्यांच्या एका पूर्वजाला भोज राजाने विद्यापती ही पदवी दिली होती. वडील महेश्वर हे ज्योतिषाचे जाणकार, आणि भास्करांचे गुरूही तेच. आपण वडिलांजवळ शिकलो हे भास्कराचार्यांनी कृतज्ञतेने लिहून ठेवले आहे.

त्यांच्या जन्माच्या वेळी या मुलखावर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते आणि सहावा विक्रमादित्य गादीवर होता. भास्कराचार्यांच्या हयातीतच चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाली आणि देवगिरीच्या यादवांचे दिवस आले. राज्ये बदलत असताना हे घर मात्र एका पिढीकडून दुसरीकडे गणित सोपवत राहिले.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिले दोन गणिताचे, पुढचे दोन खगोलाचे. आकाशातले गणित शिकायचे तर आधी जमिनीवरचे पक्के हवे, असा हा क्रम आहे. लीलावतीत व्याज आहे, त्रैराशिक आहे, सोन्याचा कस आहे, लाकूड कापण्याची मजुरी आहे, धान्याच्या राशी आणि शंकूच्या सावल्या आहेत. एखाद्या बाजारपेठेच्या गावात लागणारे सगळे गणित त्यात सापडते. उदाहरणे पद्यात आहेत, म्हणजे पाठ करायला सोपी. त्यात कधी लहान मुलीला, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला हाक मारून प्रश्न विचारलेला असतो.

लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती अडकल्याने चुकला आणि तिच्या समजुतीसाठी वडिलांनी हा ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचा फारसी अनुवाद केला, त्याच्या प्रस्तावनेत ती येते आणि तिथून सगळीकडे पसरली. गोष्ट बाजूला ठेवली तरी ग्रंथातला सूर उरतोच. समोर बसलेल्या विद्यार्थ्याला आनंद वाटावा, तो कंटाळू नये, ही काळजी पानोपानी दिसते.

आता काटकोन त्रिकोणाकडे येऊ. लीलावतीतले एक उदाहरण माझ्या शब्दांत सांगतो. सपाट जमिनीवर ३२ हात उंचीचा बांबू उभा आहे. वाऱ्याने तो मध्येच मोडला, पण तुटून वेगळा झाला नाही. त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तर बांबू किती उंचीवर मोडला? चीनमधल्या एका फार जुन्या गणितग्रंथातही असा मोडलेला बांबू आहे. म्हणजे हा प्रश्न कोणा एकाच्या मालकीचा नाही. जिथे बांबू आणि वारा आहे तिथे तो सुचणारच.

लीलावती याची सरळ कृती देते. १६ चा वर्ग २५६. त्याला ३२ ने भागा, ८ आले. ते ३२ मधून वजा करून निम्मे करा, १२ आले. मिळवून निम्मे करा, २० आले. खालचा उभा तुकडा १२ हात, मोडून तिरका पडलेला २० हात. पडताळा पाहा : १२ चा वर्ग १४४ आणि १६ चा वर्ग २५६ मिळून ४०० होतात, आणि तो २० चा वर्ग आहे. उत्तर बरोबर. पण ८ कुठून आले? कृती पाठ असणाऱ्याला ते सांगता येत नाही, आणि माप जरा बदलले की तो अडतो.

हे कारण बीजगणितात आहे. उभा तुकडा माहीत नाही, तर त्याला नाव द्या. भास्कराचार्य अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणतात, म्हणजे जितके असेल तितके. आपण क्ष म्हणतो. उभा तुकडा क्ष, तर तिरका तुकडा ३२ वजा क्ष. काटकोन त्रिकोणात क्ष चा वर्ग अधिक २५६ बरोबर ३२ वजा क्ष याचा वर्ग. उजवी बाजू उलगडली की १०२४ वजा ६४ क्ष अधिक क्ष चा वर्ग. दोन्हीकडे क्ष चा वर्ग आहे, तो कापला जातो. उरते ६४ क्ष बरोबर ७६८, म्हणून क्ष १२. वर्गसमीकरणाच्या भीतीने पेन खाली ठेवणाऱ्या मुलाला इथे सांगायला हवे, की थांब, वर्ग आपोआप जाणार आहे. कर्ण आणि एका बाजूची बेरीज किंवा वजाबाकी ठाऊक असेल आणि दुसरी बाजू दिली असेल, तर वर्ग दर वेळी असाच जातो.

आपल्याकडे बांबूऐवजी ताड घ्या. समजा १८ मीटरचा ताड वादळात मोडला आणि शेंडा बुंध्यापासून ६ मीटरवर टेकला. १८ चा वर्ग ३२४, त्यातून ३६ गेले, २८८ उरले. त्याला १८ च्या दुपटीने, म्हणजे ३६ ने भागले की ८. ताड ८ मीटरवर मोडला, वरचा भाग १० मीटर. झाडावर चढायची गरज नाही, जमिनीवरची दोन मापे पुरतात.

लीलावतीत या जातीची आणखी उदाहरणे आहेत. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे, आणि साप २७ हातांवरून बिळाकडे येतो आहे. मोर त्याच्यावर तिरका झेपावतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडली? उत्तर पुन्हा १२. दुसऱ्या उदाहरणात तळ्यातले कमळ पाण्यावर अर्धा हात वर आहे आणि वाऱ्याने कलून २ हातांवर बुडते. पाण्याची खोली पावणेचार हात निघते. तिसऱ्यात १०० हात उंच झाडावर दोन माकडे आहेत आणि २०० हातांवर विहीर. एक माकड उतरून चालत जाते, दुसरे सरळ वर उडी घेऊन तिरके विहिरीवर येते, आणि दोघांची वाट सारखीच भरते. उडी ५० हातांची. बांबू, मोर, कमळ आणि माकड वेगवेगळे, पण समीकरण मांडले की चारही ठिकाणी वर्ग कापला जातो. घरी नातवंडांबरोबर करून पाहा.

बीजगणित या दुसऱ्या भागात चित्रेही गळून पडतात आणि प्रश्न जास्त धारदार होतो. काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज ४० आहे आणि काटकोन करणाऱ्या दोन बाजूंचा गुणाकार १२० आहे, तर बाजू सांगा. इथे एकही बाजू दिलेली नाही. कर्णाला क्ष म्हणा. मग उरलेल्या दोन बाजूंची बेरीज ४० वजा क्ष. बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची दुप्पट, म्हणजे २४०, वजा केली की दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज राहते, आणि ती कर्णाच्या वर्गाइतकी असते. म्हणून १६०० वजा ८० क्ष अधिक क्ष चा वर्ग, वजा २४०, बरोबर क्ष चा वर्ग. पुन्हा वर्ग गेला. ८० क्ष बरोबर १३६०, क्ष १७. मग दोन बाजूंची बेरीज २३ आणि गुणाकार १२०, म्हणजे ८ आणि १५.

याच भागात ते १५ आणि २० बाजूंचा काटकोन त्रिकोण घेतात, कर्ण विचारतात, आणि हे गणित रूढ असले तरी त्याची उपपत्ती सांगा, असेही म्हणतात. मग तसेच चार त्रिकोण कर्ण बाहेरच्या बाजूला ठेवून चौरसात मांडतात. मध्ये बाजूंच्या फरकाएवढा, म्हणजे ५ चा छोटा चौरस उरतो. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५०, चारांचे ६००, मधले २५, मिळून ६२५. म्हणून कर्ण २५. सगळे वापरतात म्हणून नियम खरा मानू नका, तो का खरा आहे ते दाखवा, ही सवय ते विद्यार्थ्याला लावत होते.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती बीजगणिताच्या आरंभीची त्यांची भूमिका. आधीच्या भागातले बहुतेक प्रश्न अव्यक्ताच्या, म्हणजे अज्ञात राशीच्या युक्तीशिवाय मंद बुद्धीच्या माणसाला कळणे कठीण, म्हणून ती युक्ती आता सांगतो, असा तिचा आशय आहे. शेवटी ते असेही सांगतात, की ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणिते फार विस्तृत आहेत, म्हणून विद्यार्थ्यांसाठी त्यांचे सार काढून दिले. ज्याला उत्तर झटकन दिसते त्याला क्ष ची गरज पडत नाही. ज्याला दिसत नाही, त्याने अज्ञाताला नाव द्यावे आणि पायरीपायरीने उतरावे. हुशार मुलांचा विषय म्हणून आपण ज्याला घाबरलो, तो रचणाऱ्याने मागच्या बाकावरच्यांसाठी रचला होता.

पुढचे दोन भाग आकाशाचे. तिथेही काटकोन त्रिकोण सुटत नाही. १२ अंगुळांचा शंकू, त्याची सावली आणि त्यांना जोडणारा कर्ण यांवरून सूर्याची उंची निघते, वेळ निघते. गोलाध्यायात यंत्रांवर एक प्रकरण आहे. त्यात अनेक यंत्रे सांगून झाल्यावर ते म्हणतात, की हातात एक काठी आणि डोक्यात बुद्धी असली की पुरे. काठीच्या टोकावरून बांबूचा बुंधा पाहायचा, मग शेंडा पाहायचा आणि बांबूची उंची व अंतर दोन्ही काढायचे. पाण्यातल्या प्रतिबिंबावरूनही उंची काढायची. या काठीला त्यांनी नाव दिले धीयंत्र, म्हणजे बुद्धीचे यंत्र. आपल्या शाळेत प्रयोगशाळेचे साहित्य कधी मुबलक नव्हते. काठी मात्र प्रत्येक वर्गात होती!

सिद्धान्तशिरोमणीवर त्यांनी वासनाभाष्य ही टीका स्वतःच लिहिली, म्हणजे कृतींमागची कारणे पुन्हा उलगडून ठेवली. ११८३ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, करणकुतूहल हा ग्रंथ केला. पंचांग करणाऱ्याला रोजची आकडेमोड सोपी व्हावी, यासाठी तो आहे. तरुणपणी मोठा सिद्धान्त लिहिलेल्या माणसाने उतारवयात हाताशी ठेवायचे छोटे पुस्तक लिहिले, यातही त्यांच्यातला शिक्षकच दिसतो.

मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारात मुख्य पंडित झाला. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. या नातवाने केलेल्या कामामुळेच मी आज हा लेख लिहितो आहे. चाळीसगावजवळ डोंगराच्या कुशीत पाटण आहे, आता आपण पाटणादेवी म्हणतो ते. तिथे चांगदेवाने एक मठ काढला, आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवण्यासाठी. खानदेशात त्या वेळी निकुंभ घराण्याचे सामंत होते. त्यांपैकी सोइदेवाने शके ११२८ मध्ये, सुमारे १२०७ साली, मठाला देणगी दिली. ते सगळे शिलालेखात कोरलेले आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९ व्या शतकात उजेडात आणला, आणि भास्कराचार्यांची वंशावळ आपल्याला मुख्यतः त्यातूनच कळते.

शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, राजांच्या आणि विद्वानांच्या स्तुतीचा. शेवटच्या ओळी मात्र जुन्या मराठीत आहेत, कारण त्या गावकऱ्यांनी पाळायच्या होत्या. मठ चालायचा कसा, ते त्यांत आहे. पेठेत माल उघडला की राजाकडे जाणाऱ्या करातला वाटा मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. आणि गावात जितके तेलघाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल. राजाच्या देणगीचे आकडे मी विसरेन, हे पळीभर तेल विसरणार नाही. रात्री दिवा लावून मोडलेल्या बांबूचे गणित सोडवणाऱ्या मुलाच्या समईत कोणा तेल्याचे तेल जळत होते. त्या तेल्याला यावत्तावत् ठाऊक असण्याचे कारण नाही.

मठ गेला, गाव ओस पडले, पण ग्रंथ टिकले, कारण ते शिकवले जात राहिले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली आणि कृतींच्या उपपत्ती दिल्या. हे नांदगाव आपल्या आलेवाडीशेजारचे नव्हे, मुरुड-जंजिऱ्याजवळचे. फैजीनंतर शाहजहानच्या काळात बीजगणितही फारसीत गेले. १८१६ साली मुंबईत जॉन टेलरचा लीलावतीचा इंग्रजी अनुवाद छापला गेला, पाठोपाठ १८१७ साली लंडनमध्ये कोलब्रूकचा. १९७१ साली ना. ह. फडके यांचे लीलावती पुनर्दर्शन आले आणि ती मराठीत सविस्तर वाचता येऊ लागली.

आता आपल्या तारापूरकडे वळतो. १९६९ साली इथे देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, गावाचे रूप बदलले. आपल्या वर्गातली काही मुले त्या कारखान्यांत पर्मनंट झाली, काही कंत्राटावर राहिली. दोघांच्या मध्ये पुष्कळदा दहावीचा एक विषय उभा होता, आणि तो कोणता हे तुम्हाला ठाऊक आहे. कोणी होडीवर गेले, कोणी वाडीत राबले. त्या कामांत कमीपणा काही नाही. पण त्यांनी ती निवडली नव्हती, गणिताने त्यांना तिकडे ढकलले होते. समुद्रात दोरी सोडून खोली सांगणारा, शिडाची काठी नजरेने जोखणारा मुलगा गणितात कच्चा कसा असेल? अज्ञाताला नाव द्यायची युक्ती त्याच्यापर्यंत नीट पोहोचली नाही, एवढेच. आजही शाळेत अशी मुले आहेत. शाळेच्या मदतीला जातो तेव्हा ती मला भेटतात.

म्हणून संमेलनाच्या निमित्ताने एक विनंती. जमलेल्या रकमेतून कमान उभारावी, घड्याळ लावावे, अशा सूचना आल्या आहेत. त्या चांगल्याच आहेत. पण त्याआधी एक खोली, एक फळा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी दहावीच्या मुलांसाठी गणिताचा वर्ग सुरू करू या. निवृत्त गुरुजनांनी जमेल तेव्हा यावे. आपल्यात सुतार आहेत, वेल्डर आहेत, सर्व्हेअर आहेत, तांडेल आहेत, हिशेबनीस आहेत. प्रत्येकाने वर्षातून दोन-तीन संध्याकाळी येऊन आपल्या कामातला एक त्रिकोण फळ्यावर काढावा आणि मुलांबरोबर सोडवावा. ज्याला शिकवणे जमत नाही त्याने वह्या द्याव्यात, चहा द्यावा, लांबच्या पाड्यावरच्या मुलांना रात्री घरी पोहोचवावे. प्रत्येक घाण्यामागे एक पळी, यापेक्षा जास्त कोणाकडून मागायचे नाही.

मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता यायला तयार आहे. पहिले उदाहरण मोडलेल्या ताडाचे घेईन. ज्यांना यायचे असेल त्यांनी संमेलनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर ठेवलेल्या वहीत आपले नाव आणि सोयीचा वार लिहावा.